कट्ट्यावरच्या ‘शेवटची भेट’ या रकान्याबाबत

लिहून ठेवणार : श्रीमती चारुशीला नारायण मेहेंदळे, वय ६९, निवृत्त शिक्षिका, राहणार शाहूपुरी, सातारा.

हे मृत्युपत्र मी शुद्धीवर राहून, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉ. अश्लेषा यांनी आज सकाळी मला तपासले, वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला हे विचारताना त्यांना संकोच वाटला, मला राग आला, पण वजाबाक्या बरोबर आल्या. बुद्धी शाबूत आहे. मन तितकेसे शाबूत नाही, त्याचे कारण कलम ५ मध्ये आहे. शौनक, तू थेट तिकडे उडी मारशील. मारू नकोस, पहिल्यापासून वाच. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कलम ५ नव्हते.

कलम १. शाहूपुरीतला दोन खोल्यांचा फ्लॅट चिरंजीव शौनक याला. त्याचे सांगलीत विश्रामबागेला स्वतःचे घर आहे, तेव्हा तो हा विकणार हे मला ठाऊक आहे. विकावा. मात्र गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी घेणाऱ्याला आंदण देऊ नये. ती तळमजल्यावरच्या मनुबाईंना द्यावी, त्या नाहीतरी रोज त्यातलाच कढीलिंब नेतात.

कलम २. बँकेतल्या ठेवी शौनक व सून वल्लरी यांना निम्म्या-निम्म्या. वल्लरीचा हिस्सा वल्लरीच्याच खात्यात जावा. “एकच घर आहे ना आई, काय फरक पडतो?” असे शौनक म्हणेल. फरक पडतो. त्याचे वडीलही हेच म्हणत, आणि माझा पगार कुठे जातो हे मला निवृत्त होईपर्यंत नीट कळले नाही.

कलम ३. शिलाई मशीन वल्लरीला. फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास, कोनमापक आणि गुण्या नातू वरद याला. त्यांची तलवार-ढाल करू नये.

कलम ४. ज्या मुख्याध्यापकांनी मला पर्यवेक्षक होऊ दिले नाही आणि “बाईंना ते संगणक द्या, बाई रमतील” असे म्हणून शाळेची संगणकखोली माझ्या गळ्यात मारली, त्यांना मी माफ केलेले नाही. ते वारले आहेत. तरीही नाही.

कलम ५. माझी उभी नोकरी म्हसवडला झाली. तिथली बहुतेक मुले दहावी झाली की मुंबई गाठत, कारण माण तालुक्यात पाऊस नाही आणि पावसावाचून काम नाही. त्यांच्यासाठी २००५ साली मी त्या संगणकखोलीतून ‘म्हसवड कट्टा’ सुरू केला. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा एक फलक. कुणी विषय मांडायचा, खाली बाकीच्यांनी लिहायचे. गावातल्यांनी बाजारात शेळीला काय भाव आला ते कळवायचे, मुंबईकरांनी तिकडचे रडगाणे गायचे. यासाठीचे सॉफ्टवेअर दोन परदेशी मुलांनी हौसेखातर बनवून फुकट वाटले होते. मी ते उतरवून घेतले आणि त्यातला एकेक इंग्रजी शब्द बसून मराठी केला. प्रत्येक सदस्याच्या नावाखाली तो शेवटचा कधी येऊन गेला ती तारीख दिसे. त्या रकान्याला ‘शेवटची भेट’ हे नाव माझे.

या सॉफ्टवेअरला एक खोड होती. सव्वा वर्षात जो सदस्य आत येणार नाही, त्याचे नाव आणि त्याने लिहिलेले सगळे ते आपोआप पुसून टाकी. ही सोय बंद करायचे बटण होते, पण ते चालत नव्हते. मी त्या मुलांना लिहिले. एकाचे उत्तर आले, की परीक्षा संपली की दुरुस्त करतो. हे साल २०१०. शिक्षिका असल्यामुळे मला परीक्षेचे कारण पटले. त्यानंतर दोघांचाही पत्ता नाही.

पुढच्याच वर्षी धुळाचे लिखाण गेले. धुळा माझा विद्यार्थी, सैन्यात होता, सुट्टीवर येताना रस्त्यावरच्या अपघातात वारला. त्याची आई भामाबाई बाजारच्या दिवशी शाळेत यायची आणि त्याने कट्ट्यावर लिहिलेले माझ्याकडून वाचून घ्यायची. त्या दिवशी पान उघडेना. “माझ्या लेकाचं लिवल्यालं कुटं गेलं, बाई? तुमीच पुसलं व्हय?” मी नाही म्हटले. तिचा विश्वास बसला नाही, आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

म्हणून मी एक उपाय काढला. व्यवस्थापक या नात्याने मला कुणाचाही पासवर्ड बदलता येत होता. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला आमच्या यजमानांचे, नारायणरावांचे, पान वाढून झाले, की मी संगणकासमोर बसे आणि गेलेल्या एकेका विद्यार्थ्याच्या नावाने आत जाऊन बाहेर येई. अधिक महिना आला तरी दोन सर्वपित्रींमधले अंतर सव्वा वर्षात बसते, हे पंचांगात पाहून घेतले होते. आत गेले की पडद्यावर येई, “या, बऱ्याच दिवसांनी आलात.” हे वाक्यही मीच कधीतरी लिहिलेले. दरवर्षी ते वाचायला मला आवडत असे, हे इथे सांगून टाकते.

जोतीराम विरकर हा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. दर रविवारी कट्ट्यावर लिहायचा. “आज दिवसभर कांदा उचलला. डोळ्याला धार लागली. बायकोची आठवण न्हाई, कांदाच हाय.” त्याखाली त्याची बायको सोनिया, तीही माझीच विद्यार्थिनी, लिहायची, “खोटं बोलतोय.” फेब्रुवारी २०१६ मध्ये तो एका सकाळी खोलीवरून निघाला आणि मार्केटात पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, भाऊबंद महिनाभर शोधत फिरले. सापडला नाही.

त्या सप्टेंबरात सर्वपित्रीला मी त्याच्याही नावाने आत गेले. तो वारला असे कुणी म्हटले नव्हते. पण त्याचे लिखाण पुसले जायला नको होते, आणि त्याच्यासाठी वेगळा दिवस धरण्यापेक्षा सगळ्यांबरोबर उरकून टाकावे, एवढाच विचार मी केला. सोनिया ती तारीख पाहील हे मनातही आले नाही. कट्टा तेव्हा ओस पडत चालला होता, सगळे व्हॉट्सअॅपवर गेले होते. मला वाटले, तिकडे आता मीच एकटी जाते.

२०२३ मध्ये सोनिया साताऱ्याला माझ्याकडे आली. सात वर्षे ज्याची खबर नाही तो कायद्याने मृत धरता येतो, मग सातबाऱ्यावर तुझे नाव लागेल, असे तिला वकिलांनी सांगितले होते. मी म्हटले, मग कर अर्ज. ती हसली. “न्हाई बाई. ते हायती. दर साली बापाच्या पित्राला कट्ट्यावर यत्यात. सासऱ्यांची तीथ सर्वपित्रीचीच की. तोंड दावायची लाज वाटत आसंल त्यास्नी, पर बापाला इसरलं न्हाईत.” मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. तिचा चेहरा पाहिला आणि मी विषय बदलला.

त्यानंतरही मी थांबले नाही. थांबले असते तर लिखाण पुसले गेले असते, आणि सोनियाने त्या वर्षी तो मेला असे धरले असते. तिच्यासाठीच हे करते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वर्गात एखादे पोर असले कारण घेऊन आले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

गेल्या सर्वपित्रीला जोतीरामच्या नावाने आत जाताच एक निरोप आपोआप उघडला. सोनियाने त्याला लिहिला होता. “थोरलीचं लगीन ठरलंय. वैशाखात हाय. मी कायबी इचारणार न्हाई. निसतं येऊन उबं ऱ्हावा.” निरोप उघडला की लिहिणाऱ्याला ‘वाचला’ असे दिसते. तो शब्दही माझाच.

मे महिन्यात लग्न झाले. मला पत्रिका आली, तीवर ‘सौ. सोनिया व श्री. जोतीराम विरकर’ असे छापले होते. गुडघ्याचे निमित्त सांगून मी गेले नाही. जूनमध्ये सोनिया लग्नाचे लाडू घेऊन आली. “त्यांनी निरोप वाचलाय, बाई. अक्षता पडंस्तवर मी मांडवाच्या दाराकडंच बगत हुते. वाचून सुदिक आला न्हाई. मेला आसता तर बरं वाटलं आसतं. आता त्या माणसाचं नाव माज्या म्होरं काडू नका. लेकीलाबी सांगितलंय, बाप इसर म्हणून.” मी चहा केला. साखर किती घालू, विचारले.

जोतीरामने तो निरोप वाचलेला नाही. तो मी वाचला. त्याच्या नावावर दिसणारी २०१६ पासूनची प्रत्येक सर्वपित्रीची भेट माझी आहे. त्याची स्वतःची शेवटची भेट ३१ जानेवारी २०१६ ची, आणि तेव्हा त्याने लिहिले होते, “आज हात दुखतोय, फुडल्या रविवारी लिवतो.” तो आज कुठे आहे, आहे की नाही, हे मला माहीत नाही. पण त्याने बायकोला टाकले आणि लेकीच्या लग्नाकडे पाठ फिरवली, हे सोनियाच्या मनात मी घातले आहे. याची मला फार लाज वाटते.

कलम ६. त्या दोन परदेशी मुलांना मी काहीही ठेवत नाही. त्यांच्यावर मी वर्षानुवर्षे चिडून होते. दर जानेवारीत एक पत्र लिहायचे आणि उत्तर आले नाही की शौनकला फोनवर ऐकवायचे. त्यांनी ते बटण दुरुस्त केले असते तर यातले काही घडले नसते, हे खरे. पण सॉफ्टवेअर उतरवतानाच त्यांनी स्पष्ट लिहिले होते, की हे जसे आहे तसे घ्या, जबाबदारी आमची नाही. मी वाचले होते आणि ‘मान्य’ दाबले होते. सोनियाला असे काही कुणी वाचून दाखवले नव्हते. त्यांच्यावरचा राग मी सोडून देत आहे. आता ती मुले चाळिशीची झाली असतील, त्यांचीच मुले परीक्षेला बसत असतील.

कलम ७. शौनक, २०१८ मध्ये तू म्हणाला होतास की दोन रविवार बसलो तर कट्टा साध्या पानांवर उतरवता येईल, मग कुणी आत यायला नको आणि काही पुसलेही जाणार नाही. तुला दोन रविवार मिळाले नाहीत. मीही पुन्हा विचारले नाही, कारण मग सर्वपित्रीला मला काही काम उरले नसते. ते दोन रविवार आता दे, मी जाण्याची वाट पाहू नकोस. सगळ्यांचे लिखाण राहू दे. ‘शेवटची भेट’ हा रकाना काढून टाक. “त्यापेक्षा व्हॉट्सअॅप ग्रुप कर” हे वाक्य माझ्या तेराव्यालाही म्हणू नये.

कलम ८. आधीच्या मसुद्यात माझ्या चार बांगड्या मी सोनियाला ठेवल्या होत्या, सोबत सगळे सांगणारी चिठ्ठी. अॅड. जयराज काळेल हे माझेच विद्यार्थी, गणितात कच्चे होते, म्हणून वकील झाले. त्यांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “बाई, हे तुम्ही गेल्यावर तिला कळणार. मग तिनं भांडायचं कुणासंगं? तुमच्या फोटोसंगं?” मी रागावले. दोन दिवस त्यांचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला आणि सांगितले, साक्षीदार म्हणून सोनियाला बोलवा. ते म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, बांगड्या द्यायच्या की सही घ्यायची ते ठरवा. म्हणून बांगड्या वल्लरीला. सोनियाला मी काहीही ठेवत नाही. तिला सोने देऊन मोकळे होता येईल, असे हे नाही.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. तरी सह्यांच्या आधी मी हे सगळे तिला स्वतः वाचून दाखवणार आहे.

कलम ९. हे कलम वरचा मजकूर वाचून झाल्यावर, सह्यांपूर्वी, जयराजच्या हातून वाढवले आहे.

सोनिया शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मधे एकदा पाणी मागितले. वाचून संपल्यावर तिने विचारले, “म्हंजी त्यो निरोप तुमी वाचला?” मी हो म्हटले.

“मग तुमी तरी यायचं हुतं, बाई.”

मी तिची क्षमा मागितली. ती देते की नाही हे तिने सांगितले नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही. लेकीला आजच फोन करते, एवढे म्हणाली. मग तिने अट घातली, ती तिच्याच शब्दांत : “पुसू द्यायचं न्हाई. ह्या सर्वपित्रीला त्यांच्या नावानं मी जाणार. तुमी हात लावायचा न्हाई.”

अट मला मान्य आहे. शौनक, कलम ७ मधले दोन रविवार आता या सर्वपित्रीनंतरचे धर. जोतीरामच्या नावाचा पासवर्ड तिला आज दिला. ही देणगी नव्हे. तिचेच तिला परत केले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, वाचून दाखवला आणि तो खरा आहे.

स्थळ : सातारा
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

(सही) चारुशीला नारायण मेहेंदळे

लिहून ठेवणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अश्लेषा उदयसिंह शिर्के, सातारा
२. (सही) श्रीमती सोनिया जोतीराम विरकर, म्हसवड, ता. माण

टीप : साक्षीदार क्र. २ यांच्या नावाआधी मी ‘सौ.’ असे टंकले होते. ते त्यांनी स्वतः पेनाने खोडून ‘श्रीमती’ लिहिले आणि खाडाखोडीवर वेगळी सही केली आहे. — अॅड. जयराज काळेल