बाबांची बोटं

९ जून
रिपोर्ट आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगली बातमी आहे — फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पण गोळी लागू पडेल अशा जातीचा. यात चांगलं काय, मला अजून कळलेलं नाही. बाबांनी जन्मात विडी ओढली नाही!

डॉक्टरबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं. पेशीच्या अंगावर एक बटण असतं. बाहेरून निरोप आला की दाबलं जातं, पेशी वाढते. निरोप थांबला की सुटतं. बाबांच्या पेशींतलं दाबलेलंच अडकून बसलंय. रोजची गोळी त्या बटणाचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. एक दिवसही चुकवायची नाही. मी धाटावला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, अवघड नावं रोज वाचते. तरी पाकिटावरचं नाव तीनदा वाचलं.

२४ जून
बाबांच्या तोंडभर पुरळ! आईने लगेच कडुलिंबाचा पाला आणला. डॉक्टरबाईंना फोटो पाठवला. म्हणाल्या, घाबरू नका, गोळी काम करत असल्याची खूण असू शकते. घाबरू नका म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

१२ जुलै
खोकला कमी. जिना न थांबता चढले म्हणे. आई फोनवर रडली. मी कुणाला सांगितलं नाही, हर्षदलासुद्धा नाही. नवऱ्यापासून चांगली बातमी लपवते मी! दृष्ट लागेल असं वाटतं.

२७ जुलै, रविवार
रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला. बाबांची बोटं बघवत नाहीत. टोकं चिरलेली, नखांच्या कडा सुजून पू झालेला. सखाकाकांच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी पस्तीस वर्षं बाबांचीच. आज ब्रश सुटला आणि एका मूर्तीच्या गालावर काळा ओरखडा उठला. सखाकाकांनी ती मूर्ती उचलून मागे ठेवली, त्याचंच वाईट वाटलं. दीडशे मूर्ती डोळ्यांविना उभ्या आहेत. महिन्यावर गणपती.

डॉक्टरबाईंना फोन केला. मलम सांगितलं, शिवाय दाखवायला या, डोस बदलून बघू म्हणाल्या. बाबा म्हणाले, गणपती गेल्यावर.

मग त्यांनी विचारलं, छातीची गोळी बोटांना का खाते? मीही गोल काढून सांगितलं — कातडी भरून यायलाही तसाच निरोप लागतो, गोळी तोही अडवते. त्यांनी दोन-तीनदा फिरून विचारलं. इतकं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं. मला उगाच बरं वाटलं.

५ ऑगस्ट
फोनवर म्हणाले, मलमाने उतार आहे. देवा!

१५ ऑगस्ट
सुट्टी होती, पेणला गेले. बोटं बरी! तोंडही स्वच्छ. निम्म्याहून जास्त मूर्तींना डोळे आलेत. आई मलमाचं कौतुक करून थकत नाही.

रेघ ओढताना बाबा श्वास रोखून धरतात. आज मध्येच सोडावा लागला. खोकले. धुळीने असेल. धुळीनेच असेल.

१७ ऑगस्ट
राहवलं नाही, डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी बोटांचं आणि तोंडाचं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, मलमाने इतकं जात नाही, घरी जाऊन गोळ्या बघा.

तशीच पेणला गेले. बाबांच्या ब्रशांच्या डब्यात निघाल्या. वीस. आई रोज हातावर गोळी ठेवायची आणि बाबा पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात जायचे. मी समोर धरल्या तर नजरही चुकवली नाही.

"तूच सांगितलंस ना गो. गोळी नाय घेतली तं कातडी परत भरते. अजून साठ गणपती हायत."

मी सांगितलेलं सगळं खरं होतं.