शेवटपर्यंत न पाहिलेली मॅच

एडिनबरा,
रविवार, १४ सप्टेंबर १९९७

प्रिय शशी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? आधीच डॉक्टरचं अक्षर, त्यात सहा वर्षांचा खंड, म्हणून विचारते. मी बरी आहे. तू गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंस आणि अजून त्याच घरात एकटाच राहतोस, हे यमुनेनं पुण्याहून कळवलं. तुझ्या बहिणीला गुपित सांगावं आणि गावाला कळावं, हे लहानपणापासूनचं. यावेळी तिच्या त्या गुणाचे मी आभार मानले.

इकडची बातमी म्हणजे गुरुवारी मतदान झालं. स्कॉटलंडला स्वतःचं पार्लमेंट हवं का, हा एक प्रश्न, आणि त्या पार्लमेंटला कर बसवायचा अधिकार हवा का, हा दुसरा. मी दोन्हींना हो म्हणून आले. खालच्या मजल्यावरची मिसेस मॅकलाउड जिन्यात भेटली तर म्हणते, "यू टू, डॉक्टर?" म्हटलं, चौतीस वर्षं हाच जिना चढतेय, मी नाही तर कोण?

आणि मी या महिनाअखेर रिटायर होतेय. हयातभर मायक्रोस्कोपमधून लोकांच्या पेशी पाहिल्या, आता डोळ्यांनाही सुट्टी. त्या निमित्तानं घर आवरायला काढलंय. आज सकाळी समुद्रावरून धुकं आलं. समोरच्या मैदानातली झाडं एकेक करून नाहीशी झाली, मग चर्चचा मनोरा गेला, आणि आता खिडकीत बसलं की वाटतं घर कुठेतरी हलकेच वाहत निघालंय. अशा दिवशी माणसानं खरं लिहावं.

विषय आपला जुनाच. बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत थोर क्षण कोणता? मला तो वाद पुन्हा उघडायचा आहे.

तुला आठवतं ना हे कसं सुरू झालं ते? चौऱ्याऐंशी साली तुझी आशा गेली, तेव्हा मी तुला सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या. तुझं उत्तर आलं त्यात अर्धं पान आशा होती आणि साडेतीन पानं बेसबॉल. मला आधी रागच आला. मग कळलं, माणसाला रडायचं नसलं की तो भलतीच गोष्ट फार तपशिलात सांगतो. तू साठ सालचा ऑक्टोबर लिहिला होतास. पिट्सबर्गला येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले, तिकीट मिळालेलं नाही, म्हणून मैदानाच्या भिंतीबाहेर उभा. शेवटच्या मॅचच्या शेवटच्या डावात मॅझरॉस्कीचा फटका त्या भिंतीवरून तुझ्या बाजूला आला, आणि अनोळखी माणसांनी तुला मिठ्या मारल्या. "त्या दिवशी मी अमेरिकेत पोहोचलो," असं तू लिहिलं होतंस.

मी उलटटपाली कळवलं की थोर क्षण एक्कावन्न सालचा, बॉबी थॉमसनचा, कारण तो आमच्या ग्लासगोत जन्मला. तू म्हणालास, दोन वर्षांचा असताना ग्लासगो सोडलेला माणूस ग्लासगोचा कसा? मी म्हणाले, सत्ताविसाव्या वर्षी सांगली सोडलेला माणूस सांगलीचा असतो, तसाच.

काय भांडलो रे आपण! एकानं झेल घेतला की दुसऱ्यानं तो सोपा ठरवायचा. खेळाडूचं धाडस मोठं की नशीब मोठं, जिंकणाऱ्याचा क्षण थोर की हरणाऱ्याचा, यावर पानंच्या पानं. सांगलीला आपल्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, तरी तेव्हा आपण इतकं बोललो नसू. हॉस्पिटलात माझ्या हाताखालच्या मुली निळं पाकीट दिसलं की म्हणायच्या, "डॉक्टर, योर बेसबॉल मॅन." मी रागावल्यासारखं करायची.

मग तुझ्या कॅसेट यायला लागल्या. शहाऐंशीत बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला ती पहिली, सत्त्याऐंशीत एक, आणि अठ्ठ्याऐंशीत गिब्सनच्या फटक्याची. प्रत्येकीबद्दल मी तुला सविस्तर लिहिलं, वाद घातला, चुका काढल्या.

शशी, मी त्यातली एकही पाहिली नव्हती.

अमेरिकेतली कॅसेट इथल्या व्हिडिओवर दिसत नाही. तिकडची पद्धत निराळी, इकडची निराळी. तू पोलादातला इंजिनिअर, तुझ्या हे ध्यानात आलं नाही, आणि माझ्यानं तुला सांगवलं नाही. पहिली कॅसेट तू स्वतःच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळून पाठवली होतीस आणि वर मोठ्या अक्षरांत 'लोहचुंबकापासून दूर ठेवणे' लिहिलं होतंस, तेही मराठीत, स्कॉटिश पोस्टमनसाठी. इतक्या मायेनं आलेल्या वस्तूला चालत नाही म्हणायचं कसं? "भीड भिकेची बहीण," असं आई मला नेहमी म्हणायची. पण एकदा "फार छान दिसली" लिहून बसले, आणि मग पुढच्या वेळी खरं सांगायची सोय उरली नाही. सेंट्रल लायब्ररीत अमेरिकन पेपर आठवड्यानं यायचा. तो वाचून मी तुझ्याशी भांडायची.

तरी मी त्या लावायची. रविवारी दुपारी, इस्त्री करताना. पडद्यावर करड्या रेघा खालून वर सरकायच्या, मध्येच एखादा पांढरा ठिपका चमकायचा. तो चेंडू आहे असं मी ठरवून टाकायची. आवाज इतका संथ आणि खर्जातला यायचा की समालोचक रवंथ करता करता बोलतोय असं वाटे, आणि लोकांचा गलका यायचा तो समुद्राच्या गाजेसारखा. कपड्यांची ऊब, बाहेर पाऊस, समोर त्या रेघा. खरं सांगू का? मला तिथे फार सुख होतं. हीच मॅच तू पलीकडे बसून पाहिली आहेस, एवढं पुरायचं. मग मी माझ्या मनातलं मैदान त्या रेघांवर पसरायची. त्याला सांगलीच्या शाळेच्या मागचा चिंचेचा पारसुद्धा होता, आणि भिंतीबाहेर कोणीतरी उभं असायचं.

तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी गलका थांबल्यावर एक पुरुष बराच वेळ एकटाच काहीतरी सांगत होता. मला वाटलं मोटारीची जाहिरात. शेवटच्या ब्लाउजची इस्त्री झाली होती. मी बटण बंद केलं.

आता शुक्रवारचं सांगते. आमच्या डॉक्टर उदयची मुलगी सीमा मला घर आवरायला येते. इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत फिल्मचं शिकते, गोड पोरगी. तिच्या हाताला तुझी तिसरी कॅसेट लागली. "मधूमावशी, हा तर अमेरिकन टेप आहे. तुझा मशीन हा वाचूच शकत नाही! आमच्या डिपार्टमेंटला दोन्ही चालणारा आहे, कम ऑन, कोट घाल." मी नको नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही.

शशी, किती हिरवं असतं रे ते मैदान! मी अकरा वर्षं ते करडं धरून चालले होते.

आणि मग तो गिब्सन आला. दोन्ही पाय दुखावलेले, नीट चालवत नव्हतं, सबंध मॅच तो आतच बसला होता. संघ एका धावेनं मागे आणि शेवटची संधी. मी पेपरात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. चेंडू टोलवून एकदा तो लंगडत अर्धा धावला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले. मग त्यानं तो फटका मारला, जवळजवळ एका हातानं, आणि चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. तेव्हा मागे अंधारात काय दिसलं सांगू? गाड्या. आता काही होत नाही म्हणून मॅच सोडून घरी निघालेल्या लोकांच्या गाड्या. गलका ऐकून त्यांचे ब्रेक लागले, ते लाल दिवे. ते बघून मी हसले. म्हटलं, मूर्ख लोक, पाच मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

मग पडदा निळा झाला, आणि पुढे एक स्वयंपाकघर आलं. टेबलावर लोणच्याची बरणी, मागे खिडकी, आणि तपकिरी स्वेटर घालून तू. केस मात्र अगदी नीट विंचरलेले. सीमा म्हणाली, "मावशी, हे अंकल मराठी बोलतायत!" मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी आणते म्हणून बाहेर गेली. शहाणी आहे.

तू काय बोललास ते तुला पाठ असेल. तरी लिहिते, कारण मी ते आता चार वेळा ऐकलंय.

"मधू, मॅच संपली. कॅमेरा माझ्या राजीवचा आहे, तो कशाला हवा ते मी त्याला सांगितलेलं नाही. हे मला पत्रात लिहवत नाही, पत्रात आपण नुसते भांडतो. इथल्या भट्ट्या बंद होताहेत. पुढच्या वर्षी मला लवकर रिटायर करतील. माझे पाय काही आता धावायचे नाहीत, पण एकदा बॅट हातात घेऊन बघावी म्हणतो. एडिनबऱ्यात एका म्हाताऱ्या इंजिनिअरला जागा असेल का? तुझ्या घरात, म्हणतोय मी. लग्न म्हण, नाहीतर तुला सुचेल ते म्हण. आणि हे बघ, तुला अवघडायला नको. नको असेल तर उत्तरात यातलं काहीच लिहू नकोस. फक्त मॅचबद्दल लिही. मी समजेन. पुन्हा कधी विषय काढणार नाही."

मी चार पानं लिहिली, शशी. मॅचबद्दल.

त्या पत्राची सुरुवात मला शब्दन् शब्द आठवते. "तुझी कॅसेट अगदी शेवटपर्यंत पाहिली." पुढे वाद जिंकायच्या भरात काय काय लिहिलं! गिब्सनचा क्षण थोर मानायला मी तयार नाही. ही हिंमत नव्हे, हा हट्ट. ज्याला धड चालवत नाही त्यानं मैदानात उतरून हसं करून घेऊ नये, घरी गप्प बसावं. हे मी लिहिलं. स्वतःच्या हातानं, वर अधोरेखितही केलं. तुझ्याजवळ ते पत्र असेल तर आज फाडून टाक. नसेल तर फारच उत्तम.

तुझं उत्तर एका ओळीचं आलं. "तुझं म्हणणं पटलं." पाच वर्षांत तुला माझं काही पटलं नव्हतं! मी ते कार्ड हॉस्पिटलात सगळ्यांना दाखवलं. अखेर बेसबॉल मॅन हरला, म्हणून केकसुद्धा नेला. मग तुझी पत्रं आखडली, नुसती दिवाळीची कार्डं राहिली, एक्क्याण्णवनंतर तीही थांबली. मला वाटलं, वादात हरला म्हणून रुसला. म्हटलं, रुसू दे, मी का नमतं घेऊ? रोज टपालाची वाट पाहत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की मला काही पडलेली नाही. रविवारी इस्त्री करताना तीच कॅसेट लावायची. तुझा आवाज, ओळखू न येणारा, माझ्या घरात इतक्यांदा सुरू झाला असेल, आणि दर वेळी मी जाहिरात आली म्हणून बटण बंद केलं.

त्या लाल दिव्यांच्या गाड्यांपैकी एकीत मीच होते.

शुक्रवारी घरी येऊन मी खूप रडले. चौसष्टीला आलेल्या बाईला शोभत नाही एवढं. मग चहा केला, आणि मग मला राग आला तुझा. असा कसला रे नियम काढलास? गप्प राहणं म्हणजे नकार, हे तुला कोणी सांगितलं? आपल्याकडे गप्प राहणाऱ्याची संमती धरतात! एक फोन करायचास. एकदा विचारायचंस, मधू, ऐकलंस का? पण तुझी भीड माझ्यासारखीच. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो आपण, दुसरं काय होणार?

असो. राग निवळला. धुकंही आता निवळायला लागलंय, मनोऱ्याचं टोक दिसतंय.

माझं मत मी बदललं आहे. एक्कावन्नचा थॉमसन नाही, साठचा मॅझरॉस्कीही नाही. सर्वांत थोर क्षण अठ्ठ्याऐंशीचा. फटक्याचा नव्हे, तो फटका बरा होता. त्याच्या आधीचा, जेव्हा पाय साथ देत नसलेला माणूस आतून उठतो आणि सगळ्यांसमोर चालत येतो. तो स्वयंपाकघरात आला होता, तपकिरी स्वेटरमध्ये. यावर मी आता तुझ्याशी वाद घालणार नाही.

नऊ वर्षांत तुझं मन बदललं असेल. तुझ्या घरात, तुझ्या सवयींत आता कोणाला जागा नसेल, आणि तसं असलं तर त्यात तुझी काहीच चूक नाही. माझ्या घरात जागा आहे. जिना तीन मजल्यांचा आहे, त्याचा विचार कर. पण प्रत्येक वळणावर खिडकी आहे, तिथे बसायला मी खुर्ची ठेवीन. आणि तुला येववत नसेल तर पहिल्या तारखेपासून मी रिकामी आहे, मी येते.

गुरुवारी दोन प्रश्नांना हो म्हणून आले. तुझा तिसरा. त्यालाही हो.

तुला आता नको असेल तर यातलं काहीच लिहू नकोस. फक्त मॅचबद्दल लिही. मी समजेन.

या खेपेला शेवटपर्यंत थांबलेली,

तुझी
मधू