मेघाच्या नावाची बाटली

४ फेब्रुवारी २००८, सोमवार
पहिले आली शेजारची कमलाबाई, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. तिच्या मागं दोन पोरी, गळ्यात फोटोवालं कार्ड. म्हणे, दवाखान्यातून आलो, गरोदर बायांची पाहणी करून राह्यलो. आमच्या सुनेले, मेघाले, पाचवा चालू. आजी होणार मी! पण मले डाउट आला, मुलगा-मुलगी तर पाहून नाई राह्यल्या? तर नाई म्हणे, प्लास्टिकचं केमिकल आईच्या पोटात जाते, त्याचा बाळाच्या मेंदूवर काय परिणाम होते ते पाहतो. मी सांगितलं, आमच्या घरी प्लास्टिक नाईच. कमलाबाई उगाच हासली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. खुर्ची काऊन मोजाची?
मेघाले बाटली दिली. उद्या सकाळची लघवी पाहिजे.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
गरोदर बाईचे केस, नखं, लघवी परक्याच्या हाती देतेत काय? करणी अशीच होते. मेघा भोळी. तिची बाटली मोरीत ओतली, माही भरून ठेवली. पोरी थँक्यू म्हणून घेऊन गेल्या. चौथी पास आहो म्हटलं मी.

९ फेब्रुवारी
तरी खबरदारी बरी. आजपासून प्लास्टिक बंद! मेघाचा डबा, बाटली, चाळणी, सारं कमलाबाईले देऊन टाकलं. मेघा म्हणे, आई, अन् तुमचा चहा? जाम गावच्या चौकातून माहा पोरगा रुपेश माह्यासाठी रोज दोनदा उकळता चहा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून आणते. म्हटलं, मी चहा पितो, पन्नी थोडीच खातो!

१० मार्च, सोमवार
पोरी आल्या. मेघाच्या बाटलीत प्लास्टिकचा अंश साऱ्या गावात जास्त निघाला म्हणे. बाळाच्या डोक्याचं काय, मेघानं विचारलं. पक्कं अजून कोणालेच माहीत नाई म्हणे, घाबरू नका, जपा. मेघा जेवली नाई. मी म्हटलं मशीन खराब असन. कोणी ऐकलं नाई.

११ मार्च
दुपारपर्यंत उपाशीच. पोटावर हात ठेवून म्हणे, बाळा, माहं काय चुकलं रे? मग मले राहवलं नाई. सांगून टाकलं, ते माहं होतं.
मेघा पहिले रडली, मग हासली, मग दोन भाकरी खाल्ल्या. कमलाबाईले संध्याकाळच्या आत कळलं. कसं, देव जाणे. रुपेशनं चहा आणला. स्टीलच्या डब्यात. चव नाई.
त्यानं पोरींना फोन केला. दोन बाटल्या घेऊन येतो म्हणे त्या, एक मेघाची, एक माही. मेघा तिची बाटली पदराखाली धरून बसणार आहे म्हणे.
येणार मंगळवारी, १८ तारखेले.