वैऱ्यांसाठी चहा

द्वारका, सोमवार

प्रिय पप्पांना प्रणिताचा सलाम,

आम्ही मजेत आहोत. काल आमच्या घरी प्रार्थना होती, तेव्हा चार माणसं खाली उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचा व्हिडिओ काढत होती. वैरी तहानेला असेल तर त्याला पाजावं, हे तुम्ही चर्चमधल्या उपदेशात सांगून मोकळे झालात. चहा मला करावा लागला.

चौघांनी बिस्किटांसकट घेतला. त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, "भाभीजी, चाय बढ़िया है. अगले संडे हम चालीस आएँगे. ऊपर."

तुमचे जावई म्हणतात, या रविवारी प्रार्थना नको. मी चाळीस जणांचं दूध सांगून ठेवलंय. कप मात्र स्टीलचे आणलेत. काचेचे फेकले की लागतात.

आईचा खोकला कसा आहे? तिला फक्त चहाचं सांगा. तुम्ही मात्र रविवारी दहा वाजता गुडघे टेका.

तुमचंच ऐकणारी,
प्रणिता