मावळतीचं स्वयंपाकघर

माय, आर्वीत नव्या वसाहती उठू लागल्या तेव्हा घरं कशी बांधावीत हे लोकांना सांगणारी पुस्तिका आमच्या कचेरीने माझ्याकडून लिहून घेतली होती, आठवतं ना? संस्कृत शिकलेला ड्राफ्ट्समन दुसरा कोण मिळणार! स्वयंपाकघराला मी 'पाकगृह' लिहिलं. तू म्हणालीस, "अशा घरात भाकर तरी फुगते का रे?" पण तीस पानांत खरा कामाचा नियम एकच होता, आणि तो तुझा: चुलीशी मावळतीची भिंत नको. चैत्र लागला की तू मातीची चूल उचलून उगवतीच्या पडवीत मांडायचीस. ते मी लहानपणापासून पाहत होतो. तेच जड शब्दांत लिहिलं, आणि पुढे त्यावर बोट ठेवून कितीकांचे नकाशे परत पाठवले.

मग आपलं घर बांधायला निघालं. रस्ता उगवतीला, आणि मला बैठक रस्त्यावरच हवी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. स्वयंपाकघर गेलं मागे, मावळतीला. पाया आखलाय, तू चुन्याच्या रेघेवर उभी आहेस. "काऊन रे, तुह्या पुस्तकात तं इकडे चूल नको म्हनते ना?"

"ते लोकांसाठी आहे, माय."

"अन् मी कोन होय?" म्हणून तू हसलीस. मीही हसलो.

उन्हाळ्यात तू स्वयंपाकघराच्या मावळतीच्या खिडकीवर ओलं बारदान टांगायचीस. साहेब जेवायला येणार त्या दुपारी मी ते काढायला लावलं, बरं दिसत नाही म्हणून. तू आत पुरणपोळ्या लाटत होतीस, आम्ही बैठकीत पंख्याखाली. साहेब म्हणाले, "चुलीचा तो नियम फार मार्मिक. कुठून सुचला?" मी म्हणालो, "अभ्यासातून." पाहतो तर तुपाची वाटी घेऊन तू दारात, चेहरा लालबुंद. वाढायला वाकलीस, "आनखी एक घ्या ना, साहेब."

त्या खोलीत तू पुढेही, जाईपर्यंत, अकरा उन्हाळे रांधलंस. मी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढली.

हे टपालात पडायचं नाही, तेव्हा खरं सांगतो. आज मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, हे पत्र तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहायचं ठरवलं होतं. तू चुन्याच्या रेघेवर उभी आहेस, त्या ओळीपर्यंत टिकलो. पुढचं सगळं बैठकीत, पंख्याखाली लिहिलंय.