भिंतीपलीकडचा काळा बांबू

तिसऱ्या महिन्याची सहावी

लिही गं सूनबाई, सांगते तसंच. स्वतःची अक्कल मध्ये घालू नकोस. आज लेकाच्या नव्या घरी राहायला आले. अंगण प्रशस्त, पण बोडकं. भिंतीपलीकडे शेजारीण शेनताईंचा काळा बांबू, तेल लावलेल्या वेणीसारखा चकाकतो. त्या स्वतःच गरम, वाफवलेले बन-पाव घेऊन आल्या. मी एक रोप मागितलं, तर म्हणाल्या, पाचव्या महिन्याच्या तेरावीला देईन. त्या दिवशी बांबू झिंगलेला असतो, उपटून नेला तरी त्याला कळत नाही. मी म्हटलं, आमचे हेही तसेच होते, आणि रोजच. पोट धरून हसल्या. त्यांचा पांढरा बोका युआनयुआन माझ्याच मांडीवर झोपला.

तिसऱ्या महिन्याची विसावी

माती भुसभुशीत केली, तूस नि कुजका पाला घातला, पाणी साचू नये म्हणून उतार काढला. पण तेरावीपर्यंत थांबायचं कोणी? माझं वय काय! आमच्या गावी म्हणत, भिंतीच्या अलीकडे मेलेलं मांजर पुरलं की पलीकडचा बांबू मुळं पसरत आपणहून येतो. सून ओरडली, "शी! काहीतरीच, आई!" मी नुसतं सांगितलं हो.

पलीकडे शेनताई वाडग्यावर काडीनं टकटक करताहेत. बोक्याची जेवणवेळ.

चौथ्या महिन्याची तिसरी

युआनयुआन हरवलाय. शेनताई विचारायला आल्या. मी म्हटलं, दिसला नाही. बोकाच तो, गेला असेल सासुरवाडीला. त्या हसल्या नाहीत. मीही कशाला बोलले.

चौथ्या महिन्याची अकरावी

भिंतीलगत तीन कोंब. आठ दिवसांत! सालीवर पांढरी लव, शेंड्याला कानांसारखी दोन टोकं. शेनताई बघून म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. माझी मान वर होईना.

चौथ्या महिन्याची पंचविसावी

कोंब ओळीनं घराकडे सरकताहेत. कापले. पुन्हा आले. संध्याकाळी पलीकडे काडी वाजली की सगळे शेंडे तिकडे वळतात — सुनेनंही पाहिलं.

पाचव्या महिन्याची नववी

लिही. थांबू नकोस. हरवला त्या दिवशी बोका आपल्या दारापुढे पडला होता, गाडीनं उडवलेला. मला वाटलं, मेला. पोत्यात घालून भिंतीशी पुरला. माती लोटताना पोतं हललं. शेनताईंना एक हाक मारायची होती, बस. मी — वरून पाय दिला.

सून माझ्याकडे बघत नाही. बरोबरच आहे.

पाचव्या महिन्याची बारावी

माझ्या खाटेखालची फरशी वर आलीय. खालून ओरखडण्याचा आवाज. उद्या शेनताईंना सांगेन. उद्या नक्की —

पाचव्या महिन्याची तेरावी

शेनताई आल्यात. रोप घेऊन. ओल्या फडक्यात, मुळांना माती तशीच. शब्द दिला होता ना, म्हणाल्या.

आज बांबूला काही कळत नसतं. ह्याला सगळं कळतं —

सांगायचं राहिलं बाजूला. म्हटलं, आधी जेवा. वाडगा पुढे केला. त्यांची काडी काठाला लागली — टक —

खाटेखालून म्यांव.

शेनताईंच्या चेहऱ्यावर आनंद. अगं आई गं, आनंद — गुडघ्यांवर बसल्या — हात आत घालताहेत — लाडानं हाका —

ताई, नको. आधी ऐका. तो मी —