खरखर बंद झाली

२४ नोव्हेंबर २००३, सोमवार. तुमसर.
आजपासून रोजनिशी नियमित. लिहिताना मोठ्याने बोलायची सवय शाळेत गुरुजींनी लावली. बोलून लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही म्हणायचे. चुकतंच, पण सवय राहिली. माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात ऐकायला आहे कोण?

भय्याजींचा ड्रायव्हर इश्वर जीपमधला वायरलेस सेट काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला. भय्याजींचे धानाचे ट्रक सिहोऱ्याहून इथल्या राइस मिलवर येतात. त्या रस्त्याला मोबाइलची रेंज नाही, म्हणून सगळ्या गाड्यांवर असे सेट. तक्रार एकच: दिवसभर खरखर. हा जमला तर सगळ्या सेटांचं वर्षभराचं काम मला.

जमणारच. जमायला पाहिजेच. दीपमाला दिवाळीला सिहोऱ्याला माहेरी गेली ती आलीच नाही. निरोप पाठवला, पक्कं काम धरा, मग येतो. तिचे वडील तुलाराममामाजी भय्याजींच्या सिहोऱ्याच्या कंट्रोलवर, सगळ्या गाड्यांशी बोलणाऱ्या मुख्य सेटवर, ऑपरेटर आहेत. म्हणजे बातमी आधी त्यांच्याच कानावर जाणार. रविवारी तिला घ्यायला जायचं. नवा शर्ट घालून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
सहाला उठायचं ठरवलं होतं. साडेआठ झाले. थंडी.

सेट उघडला. सोपं सर्किट. माईकचं बटण दाबलं की आत रिले टक्क करतो, लाल दिवा लागतो आणि आपला आवाज बाहेर जातो. तेवढा वेळ स्पीकर बंद, नाहीतर आपलाच आवाज फिरून शिट्टी वाजेल. बटण सोडलं की दुसऱ्याचं ऐकू येतं. बोलायचं नाहीतर ऐकायचं, एका वेळी एकच. कोणीच बोलत नसताना खरखर येऊ नये म्हणून स्क्वेल्च नावाचं वेगळं सर्किट असतं. बिघाड तिथे आहे. पुस्तकात स्क्वेल्चच्याच पानावर मागे चहा सांडला होता. हरकत नाही. अनुभव आहे.

जिल्हा फुटला तेव्हा बरे बरे मेकॅनिक गोंदियाच्या वाट्याला गेले. भंडाऱ्याला मी राहिलो, हे भंडाऱ्याचं नशीब.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
खरखर. दिवसभर खरखर. डोकं उठलं.

दीपमालाचंही डोकं उठायचं म्हणे, माझ्या बोलण्याने. आता बायकोला ट्रान्सफॉर्मर समजावून सांगणं हा काय गुन्हा आहे? दिवाळीआधी एकदा ती मधेच काहीतरी सांगत होती. अंगणवाडीची मुलाखत आहे, गाडी पाहिजे, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन तिरोड्याला गेलो. ती म्हणते तीनदा सांगितलं. सांगितलं असतं तर मला ऐकू आलं नसतं का?

कशावरून रागावली, अजून कळलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.
जिंकलो!

आत एक हिरवी वायर सुटलेली सापडली. कुठली ते कळेना. माईकच्या सॉकेटपाशी एक जागा रिकामी दिसली, तिथे टाका मारला. टक्क झालं आणि खरखर बंद! एकदम शांत. चिमणीचा आवाज ऐकू आला. लाल दिवाही लागला तो विझतच नाही. म्हणजे करंट भरपूर मिळतोय.

सिहोऱ्याच्या कंट्रोलला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. उत्तर नाही. मामाजी झोपले असणार. ड्युटीवर झोपतात आणि घरी वाक्यावाक्याला ओव्हर म्हणतात. जेवतानासुद्धा, भाजी वाढ, ओव्हर. असा माणूस कंट्रोलवर बसवणारे भय्याजी तरी काय. मिशीला काळं लावण्यापलीकडे लक्ष कुठे आहे त्यांचं.

सेट चांगलाच तापतो. हात शेकायला बरा. उद्यापासून असाच चालू ठेवून टेस्टिंग करायचं.

दुकानातला फोन सारखा वाजतो आहे. उचलत नाही. कामात असताना मी कोणाचं ऐकत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
इश्वर आला. म्हणाला, प्रफुल्लभाऊ, कोणीतरी कालपासून चॅनल अडवून बसला आहे. दुपारभर एकाच माणसाची बडबड, गाड्यांचं कंट्रोलशी बोलणंच होत नाही. एक ट्रक रिकामाच परत आला, एक रस्त्यातच वाट पाहत उभा राहिला. भय्याजी नागपूरला गेलेत, उद्या संध्याकाळी येतील तेव्हा कोणाचं तरी काही खरं नाही.

मी म्हटलं, भय्याजींना सांग, त्या माणसाला मी पकडून देतो. सेट माझ्याकडे आहे, ज्ञान माझ्याकडे आहे. इश्वर तोंडावर रुमाल धरून खोकला. पकडा भाऊ, म्हणाला, पण हळूहळू पकडा, गाडीवाले लय खुश हायेत. मग जाता जाता विचारतो, काहो, मामाजी जेवतानी खरंच ओव्हर म्हणते का?

याला कसं कळलं? दीपमालाने गावभर सांगितलेलं दिसतं. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा नाही उचलला.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
दिवसभर बडबड्याच्या शोधात सेटजवळ बसलो. सेटवर अक्षरसुद्धा आलं नाही. घाबरून गप्प बसला असणार. कसा माणूस असेल? स्वतःचाच आवाज आवडणारा, रिकामटेकडा, जवळ बसून ऐकणारं कोणी नसलेला. कीव येते.

दुपारी उद्याची तयारी. दीपमालाला काय सांगायचं ते उभं राहून म्हणून पाहिलं. दीपमाला, झालं गेलं विसर. तुझी चूक मी मनावर घेत नाही. माझ्यासारखा माणूस समजायला वेळ लागतो, तू हुशार असतीस तर लवकर समजला असता. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज फार छान लागला. ती रडेल बहुतेक. मामाजींच्या समोरच म्हणावं का?

शर्टाला इस्त्री केली.

३० नोव्हेंबर, रविवार.
सकाळी भय्याजी स्वतः आले. मागे इश्वर. भय्याजींच्या मिशीला आज काळं नव्हतं. पांढरी मिशी पाहून मी काय बोलायचं तेच विसरलो.

त्यांनी सेटवर हात ठेवला आणि उचलला. हा लाल दिवा कायचा हाय, म्हणाले. मी करंटचं समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, बटण दाबलेलंच हाय गुरुवारपासून. तू हिरवी वायर बटणाच्या जागी लावून ठेवली. तूच बोलून राहिला इथून, साऱ्या गाड्याइत. आम्ही गला फाडून सांगून राहिलो, बटण सोड, बटण सोड. तुले आयकू कसं येईन, स्पीकरच बंद.

मी म्हटलं, तत्त्वतः बरोबर आहे, पण खरखर तर गेली ना? त्यांनी सेट इश्वरच्या हातात दिला. काम दुसऱ्याला.

इश्वर मागे थांबला. त्यालाच विचारलं, सिहोऱ्याला काय झालं. म्हणाला, दीपमालाताई मामाजीचा डबा घेऊन येते ना कंट्रोलवर. गुरुवारी आली, बसूनच राहिली. शुक्रवारी बी. कालचं तुमचं भाषण तिन्ही खेप आयकलं. मामाजी म्हणाले, सेट पक्का बिघडला, एकाच बाजूनं चालून राहिला. तर ताई म्हणाली, नाही बाबा, सेट बराबर हाय. घरी बी असेच होते हे. मग डबा धुतला आणि गेली.

शर्ट परत घडी करून ठेवला. आपलं माणूस असं परक्या लोकांत बसून आपल्याला ऐकत होतं, याचं फार वाईट वाटतं. एकदा तरी काही चांगलं बोललो असेन त्या दिवसांत. वही चाळली. सापडलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
आजपासून तोंड मिटून लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ गेलं खड्ड्यात.

अकराच्या सुमारास फोन वाजला. आज उचलला. दीपमाला होती. म्हणाली, मी बोलतो, आयकून घ्या.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज! इतका आनंद झाला की म्हटलं, थांब, आधी माझं ऐक, तुझा गैरसमज झाला आहे. मग सगळं नीट समजावून सांगितलं. हिरवी वायर, माईकचं सॉकेट, रिले, स्पीकर का बंद होतो, दोष मुळात सेट बनवणाऱ्यांचा कसा आहे, सगळं. एकदाही अडखळलो नाही. तिनेही मधे तोडलं नाही. आज पहिल्यांदा शांतपणे ऐकून घेते आहे असं वाटलं आणि मन भरून आलं. शेवटी विचारलं, कळलं का?

फोन ठेवलेला होता. केव्हा ठेवला, ते कळलं नाही. तिने फोन कशासाठी केला होता, ते विचारायचं राहिलं.